पोहणे, सायकल, सत्कार, पळणे

आमच्या कंपनीची बस चाकणच्या अलीकडे कंटेनरच्या रांगेत अडकली, की पोपटतात्या उठायचे. पायातले बूट काढून पळायचे बूट चढवायचे, पँट दुमडून गुडघ्यापर्यंत आणायचे, जेवणाचा डबा माझ्या मांडीवर ठेवायचे आणि ड्रायव्हरला दार उघडायला सांगायचे. मग आम्ही बसल्या जागेवरून बघत राहायचो. तात्या दोन ट्रेलरच्या मधून, रिक्षाच्या कडेने, भाजीच्या टेम्पोला वळसा घालून पळत दिसेनासे व्हायचे. बस कंपनीच्या गेटवर पोचायची तेव्हा ते तोंड धुऊन, भांग पाडून, वॉचमनच्या खुर्चीत चहा पीत बसलेले असायचे. "गाडी आडली म्हनून मानसानं कशाला आडायचं?" हे ते रोज नव्याने सुचल्यासारखं म्हणायचे. तात्यांचा वेग दर महिन्याला वाढतोय असं आम्हाला वाटायचं. खरं म्हणजे ट्रॅफिक वाढत होतं.

मी त्या कंपनीत खरेदी विभागात. डांगे चौकात बस धरायची. कंपनीच्या बसमध्ये कुणाची जागा कुठली हे कुठंही लिहिलेलं नसतं, पण ते मोडायची कुणाची छाती नसते. मी नवीन लागले तेव्हा एकच जागा रिकामी होती, तात्यांच्या शेजारची. ती रिकामी का, ते पहिल्याच सकाळी कळलं. तात्यांनी माझं नाव-गाव काहीही न विचारता डबा माझ्या मांडीवर ठेवला, "म्याडम, सरळ धरा, आमटी हाय," एवढं सांगितलं आणि उतरून पळून गेले. आधीचा शेजारी आमटीला कंटाळून मागच्या सीटवर गेला होता.

तात्या मूळचे मावळातले, धरणाच्या वाटेवरच्या एका गावचे. नोकरीपायी थेरगावला घर केलेलं, पण मन गावाकडे आणि शनिवारची संध्याकाळ झाली की अंगही गावाकडे. ठेंगणे, रंगाने काळे, मिशा भरघोस. हातपाय पळून पळून काटक झालेले. पोट मात्र ह्या भानगडीत कधीच सामील झालं नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "असू द्या, पान्यात तरंगायला कामाला येतं."

त्या वर्षी मला चाळिसावं लागलं आणि डोक्यात ट्रायथलॉनचं वारं शिरलं. चाळिशी लागली की काही जण देवाला लागतात, काही जण शेअर बाजाराला. मी ह्याला लागले. दीड किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगाने चाळीस किलोमीटर सायकल मारायची आणि वर दहा किलोमीटर पळायचं, तेही ठरलेल्या वेळेच्या आत. वेळ उलटली की तुम्ही कितीही घाम गाळलेला असो, निकालात नाव नाही. ह्याला कट-ऑफ म्हणतात. आमच्या घरात सासूबाईंना हे समजावताना माझी दमछाक झाली, तेवढी पुढे स्पर्धेतही झाली नाही. तात्यांना मात्र बसमध्ये एकदाच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पोहता येतं, सायकल येते, पळतो तर आपण रोजच, मग ही तिन्ही कामं एकाच दिवशी उरकायची घाई कशाला? पण दोन दिवसांनी तात्याच म्हणाले, "माजं बी नाव घाला."

आता तात्यांचं कंपनीतलं काम सांगायला हवं, कारण माणूस सगळा त्यातच होता. ते फायनल इन्स्पेक्शनला. प्रेसमधून पत्र्याचे भाग तयार होऊन आले की तात्या मापायचे. बरोबर असेल तर हिरवा टॅग, चुकला असेल तर लाल. लाल लागला की लागला. बाहेर ट्रक उभा आहे, मॅनेजर घामाघूम झालेत, फोनवर फोन येताहेत, तात्यांना त्याचं काही नाही. "थोडक्यात चुकलं म्हंजे चुकलंच की," असं म्हणून ते पुढचा भाग हातात घ्यायचे. टॅगचे गठ्ठे कायम शर्टाच्या खिशात. कँटीनच्या पातळ डाळीच्या पातेल्याला त्यांनी एकदा लाल टॅग बांधला होता आणि कँटीनवाला आठवडाभर त्यांना कोशिंबीर वाढत नव्हता. एकदा तर मोजायचं गेजच खराब निघालं आणि अख्ख्या शिफ्टचा चांगला माल तात्यांनी लाल करून ठेवला. सगळे मनातून खूश झाले, आता म्हातारा सापडला म्हणून. तात्यांनी काय केलं, तर एक लाल टॅग काढून स्वतःच्या शर्टाच्या गुंडीला बांधला आणि सुट्टी होईपर्यंत तसेच हिंडले. मग हसायचं तरी कुणाला?

आमचा सराव सुरू झाला. महापालिकेच्या तलावावर मी टोपी, चष्मा, सगळं शास्त्रोक्त करून उतरायचे आणि पाण्यात तोंड घातलं की मला माझे सगळे पूर्वज दिसायचे. माझे वडील भोसरीला एका कंपनीत टर्नर. आमच्या घरात पाण्याशी संबंध नळाला पाणी आलं का, एवढाच. तात्या विहिरीवर शिकलेले. त्यांची आई ते लहान असताना गेली. आत्याने वाढवलं, आणि त्या आत्यानेच पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्यांना विहिरीत ढकललं होतं. त्यामुळे तात्या मान वर काढून, इकडेतिकडे बघत, ओळखीच्यांची विचारपूस करत पोहायचे. शिकवणारा पोरगा काठावरून ओरडायचा, काका, डोकं पाण्यात घाला. तात्या त्याला विचारायचे, "डोस्कं आत घातल्यावर कोन आलं कोन गेलं, कसं कळायचं?" अशा पोहण्याने ते माझ्या दुप्पट वेगाने पलीकडच्या काठाला लागायचे, ही गोष्ट वेगळी.

सायकलीचं तसंच. जुनी पण चांगली, हलकी स्पर्धेची सायकल त्यांनी मिळवली आणि तिला आधी स्टँड बसवला, मग घंटी, मग मडगार्ड. हलकेपणाचं काय ते सगळं भरून निघालं. मी म्हटलं, तात्या, ह्या सायकलीला स्टँड नसतो. ते म्हणाले, मग ती उभी कशी राहते? मी म्हटलं, भिंतीला टेकवतात. त्यांना ते फार वाईट वाटलं. स्वतःच्या पायावर उभी न राहणारी सायकल त्यांच्या तत्त्वात बसत नव्हती.

मंदाकाकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, ह्या सगळ्याकडे लांबून बघायच्या. त्यांचं एकच म्हणणं होतं. "ह्यांना म्हनावं, कितीबी पळा, शेवटी घरीच यायचंय." पण रविवारी पहाटे तात्या निघाले की गूळ-शेंगदाण्याचे लाडू दोन पिशव्यांत बांधलेले असायचे, एक पिशवी माझी.

पहिल्या स्पर्धेत तात्या पाण्यातून माझ्या कितीतरी आधी बाहेर आले. सायकलही बरी मारली. सायकल ठेवून पळायला निघायची एक जागा असते. तिथं लोक अर्ध्या मिनिटात बूट बदलून सुटतात. मी माझी सायकल घेऊन तिथं पोचले, तर तात्या सतरंजी अंथरून मांडी घालून बसलेले. समोर डबा उघडलेला. भाकरी, पिठलं, ठेचा आणि एक कांदा, बुक्कीने फोडलेला. मी म्हटलं, तात्या, हे काय? ते म्हणाले, जेवणाची सुट्टी. आमच्या कंपनीत बत्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला काम एवढा वेळ चालतं आणि मधे जेवणाची सुट्टी नाही, हे खरंच वाटेना. जागेला कापडी छत आहे, बाकं आहेत, पाण्याचा पिंप आहे. मग ती जेवायची जागा नाही तर कशाची? हात धुऊन, सुपारी कातरून ते पळायला निघाले. पोट भरलेलं, ऊन चढलेलं. कट-ऑफ हुकला. दुसऱ्या वेळी सायकलची चेन तुटली आणि ते मडगार्डसकट चालत आले.

त्या दिवशी परतताना ते तुटकी चेन हातात घेऊन बसले होते. मी समजूत घालायला म्हटलं, तात्या, आपण हौशी माणसं, कुठं आपल्याला बक्षीस मिळवायचंय, भाग घेतला यातच आलं. ते खिडकीतून बाहेर बघत बोलले. "म्याडम, मी जल्मभर दुसऱ्याच्या मालावर पास-नापास लिवलं. माज्यावर कुनी लिवलं न्हाई. शाळा सातवीत सुटली. एकदा तरी कुनी वळख ना पाळख असलेल्यानं आपल्याला मापावं, आन म्हनावं पास. बास." पुढच्या दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. मग मापून घ्यायला कुठं जाणार, असं त्यांना वाटत असावं. मला त्या क्षणी त्यांचा फार लळा लागला आणि तो त्यांना कळू नये म्हणून मी लाडू खाल्ला.

तिसरी स्पर्धा ठरली ती नेमकी धरणावर, तात्यांच्याच मुलखात. सायकलचा रस्ता तर त्यांच्या गावातूनच जाणार. तात्यांनी कुठं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण मंदाकाकूंनी फक्त एका जावेला सांगितलं. पुढच्या शनिवारी तात्या गावी गेले तर वेशीवर दोन माणसं उंचीचा फ्लेक्स. मधोमध तात्या, फेटा बांधलेले. तो फेटा कुठल्या तरी लग्नातला. त्यांच्या मागे फोटोशॉपमध्ये केलेल्या लाटा, एक सायकल आणि एक वाघ. वर ठळक अक्षरांत: "मावळचे लोहपुरुष पोपटतात्या यांनी ट्रायथलॉन स्पर्धा यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुकांचे फोटो, इतके की त्यात गावातला एकही पुरुष सुटला नसावा. स्पर्धा अजून पंधरवड्यावर होती.

तात्यांनी पुतण्यांना विचारलं, अरे, अजून व्हायचंय. पुतणे म्हणाले, होणारच की तात्या, आणि फ्लेक्सवाल्याकडे पुढं निवडणुकीची गर्दी आहे, नंतर तारीख मिळायची नाही. आमच्या भागात हे कुणाला वावगं वाटत नाही. वाढदिवस, नेमणूक, परीक्षा, कशाचंही अभिनंदन एकदा चौकात लागलं की ते झाल्यातच जमा. पण तात्यांना वाटलं. सोमवारी बसमध्ये त्यांनी मला फोटो दाखवला आणि म्हणाले, "माल अजून प्रेसमधनं निघाला न्हाई, आन ह्यांनी हिरवा टॅग लावला." त्या पंधरा दिवसांत ते बसमधून पळायला उतरले ते ट्रॅफिक नसतानाही. ड्रायव्हर वैतागला.

स्पर्धेच्या सकाळी तात्या वेगळेच होते. घंटी काढलेली, मडगार्ड काढलेलं. स्टँड तेवढा होता. सतरंजी घरी ठेवली होती. पाण्यात शिरले ते मान वर ठेवूनच, पण कुणाशी बोलले नाहीत. मी बाहेर येऊन सायकलीपाशी गेले तेव्हा त्यांची जागा केव्हाच रिकामी होती आणि मला मनापासून आनंद झाला. आज म्हातारा करणार, असं मी स्वतःशीच म्हटलं.

सायकलच्या परतीच्या वाटेवर मी त्यांच्या गावात शिरले, तर रस्त्यात गर्दी. टेम्पोवर स्पीकर लावलेला. रस्त्याच्या कडेला सतरंजी, तीवर खुर्च्या, आणि मधल्या खुर्चीत तात्या, अंगावर शाल, गळ्यात दोन हार, मांडीवर नारळ. स्पर्धेत रस्त्यावर असताना हेल्मेट काढलं तर बाद करतात, आणि हा नियम तात्यांना पक्का ठाऊक होता. म्हणून गावकऱ्यांनी फेटा हेल्मेटच्या वरूनच बांधला होता. माजी सरपंच माइकवर बोलत होते. ते दुसऱ्या एका कार्यक्रमामुळे उशिरा आलेले, आणि ते येईपर्यंत सत्कार सुरू करता येत नव्हता, हे ओघाने आलंच. त्यांचं भाषण आता खेळाडूंच्या परंपरेवरून रस्त्याच्या डांबरीकरणाकडे वळलं होतं. मार्ग दाखवायला उभं केलेल्या स्वयंसेवकाच्याही हातात चहाचा कप दिला गेला होता.

पुतण्यांनी थांबवलं असतं तर तात्या निसटले असते, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. पण रस्त्याच्या मधोमध ताट घेऊन सोनाआत्या उभी होती. डबा बांधून विहिरीत ढकलणारी तीच. नव्वदीला टेकलेली, कमरेत वाकलेली. दिवा वाऱ्याने विझू नये म्हणून पदराचा आडोसा धरलेला. तिच्यासमोरून सायकल पुढे काढायची कशी? मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले तेव्हा तात्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. मला हसू आवरेना, आणि चढावर हसू येणं श्वासाला फार वाईट. मला पण दोघांनी चहा विचारला. मी नाही म्हटलं तर एक काका नाराज झाले.

मी शेवटी धापा टाकत पोचले, वेळेत. मग शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीपाशी उभी राहून वाट बघत राहिले. कट-ऑफ झाला. घड्याळ बंद केलं गेलं. थोड्या वेळाने कमानीतली हवाही सोडली आणि ती जमिनीवर लोळली. आणि मग वळणावरून तात्या आले, पळत. फेटा सुटलेला, हार नव्हते, पण नारळ होता. सत्काराचा नारळ टाकायचा कसा, म्हणून पोशाखाच्या मागच्या खिशात घालून दहा किलोमीटर पळाले होते. प्रत्येक पावलाला तो कमरेवर आपटत होता.

आयोजकांतला एक तरुण मुलगा भला होता. त्याने पदक पुढे केलं आणि म्हणाला, काका, अगदी थोडक्यात हुकलंय, मी बोलतो आत, नाव चढवून टाकू. मी म्हटलं, घ्या तात्या. मला तर तो फ्लेक्स डोळ्यांपुढे दिसत होता. तात्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "पोरा, थोडक्यात चुकलं म्हंजे चुकलंच. तुजं घड्याळ बराबर हाय." मग त्यांनी कमान जिथं होती तिथल्या दगडावर नारळ फोडला, त्या मुलाला आणि आवराआवर करणाऱ्या सगळ्यांना खोबरं वाटलं, आणि मला म्हणाले, चला, गावात जाऊन सांगावं लागेल.

मीही गेले. गाव वाटच बघत होतं. तात्या फ्लेक्सखाली उभे राहिले आणि म्हणाले, झालं नाही, वेळ उलटली. पुतण्यांची तोंडं उतरली. थोरल्याने विचारलं, कशामुळे? मी तोंड उघडणार होते. खरं सांगते, मला त्या माजी सरपंचांचं नाव घेऊन बोलायचं होतं. तात्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "सायकलीत दम न्हाई. चाकात हवा कमी पडली." बत्तीस वर्षांत एक भाग खोटा पास न केलेला हा माणूस गावासमोर धडधडीत खोटं बोलला आणि त्याच्या मिशीचा केस हलला नाही. मग त्यांनी शिडी मागवली आणि स्वतः वर चढून फ्लेक्स उतरवला. कुणी नको म्हटलं तर ऐकलं नाही.

सोनाआत्या ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. तिला कमी ऐकू यायचं, पण उशीर झाला एवढं पोचलं. तिने तात्यांना जवळ बोलावून गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माज्यामुळंच व्हय रं? मलाच यायला उशीर झाला. फुडल्या बारीला मी पहाटंच येऊन हुभी ऱ्हाते." तात्या म्हणाले, ये. आम्ही बाकीच्यांनी दुसरीकडे बघितलं.

दिवाळीनंतर तात्या निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ झाला. मॅनेजरने भाषण केलं आणि तात्या बारीक आवाजात मला म्हणाले, हा सत्कार ठीक आहे, इथं कट-ऑफ नाही. नंतर ते गावाकडेच राहायला गेले. बसमध्ये त्यांच्या जागेवर दुसरं कुणी आलं, ट्रॅफिकमध्ये आता सगळेच बसून राहतात आणि माझी मांडी मोकळी असते. फोन मात्र यायचा. आज डोंगराच्या वाटेने पळालो, आज धरण आडवं पार केलं, आज सायकलीचा स्टँड काढला. स्टँड काढला हे ऐकून मी खुर्चीवरून उठलेच. मी विचारलं, तात्या, एवढी तयारी? ह्या वेळी आत्याला आधीच समजावून सांगा, म्हणजे झालं. आदल्या दिवशी ओवाळून घ्या. ते म्हणाले, "तिनं यायचं म्हनलंय, ती येनार. तिला कशाला कमी करायचं? मीच जोरात जातो." म्हणजे हा माणूस वर्षभर पळत होता तो थांबायला वेळ मिळावा म्हणून.

पुढच्या वर्षी स्पर्धा त्याच रस्त्याने झाली. फ्लेक्स नव्हता, तात्यांनी निक्षून सांगितलं होतं. माजी सरपंचांना चुकीची वेळ कळवली होती. ती कुणी कळवली हे मी सांगणार नाही. मी सायकलवरून गावात शिरले तेव्हा रस्त्याच्या कडेला एक बाज टाकलेली होती. आत्याला आता उभं राहवत नव्हतं, म्हणून पुतण्यांनी बाजेसकट तिला उचलून आणलं होतं. तात्या माझ्या पुढे कितीतरी वेळ होते, एव्हाना पळायलाही लागले असतील असा माझा हिशेब होता. पण ते तिथंच होते. सायकल आडवी ठेवून बाजेपाशी गुडघ्यांवर बसलेले, हेल्मेट डोक्यावर, डोळे मिटलेले. आत्याच्या हातातलं ताट सावकाश फिरत होतं. तिने त्यांच्या तोंडात साखर घातली, मग त्यांना काहीतरी विचारलं, ते काहीतरी म्हणाले, ती हसली. कुणालाही घाई नव्हती. मीच घाईत होते, मी पुढे गेले.

पळताना त्यांनी मला गाठलं आणि मागे टाकलं. मी कमानीत पोचले तेव्हा ती अजून उभी होती, घड्याळ चालू होतं, आणि तात्या गळ्यात पदक घालून पाटीवर लागणाऱ्या निकालासमोर उभे होते. त्यांनी नावावर बोट ठेवलं, आडवं फिरवत वेळेपर्यंत नेलं, पुन्हा नावावर आणलं. तपासणी करताना ते नेहमी दोनदा बघायचे. मग मला म्हणाले, पास. आणि चष्मा पुसायला लागले.

मला राहवेना. त्यांच्या मनगटावर आता त्यांच्या मुलाने दिलेलं खेळाडूंचं घड्याळ होतं. मी म्हटलं, तात्या, गावात किती वेळ गेला तुमचा?

"त्ये न्हाई मोजलं," ते म्हणाले. "आत्यापाशी बसलो तवा घड्याळ बंद केलं व्हतं."

मी म्हटलं, पण स्पर्धेचं घड्याळ चालूच असतं की, तात्या.

"असू द्या. त्ये त्यांचं हाय."